पार्वतीआक्कांचा पाय आन माझी सही

मी सरकारी शाळेत दुपारचं जेवण करतो. आमच्याकडं बायकाबी करतो, आलो, गेलो असंच म्हणत्यात, तवा वाचणाऱ्यांनी हसू नका, आन सातवीपातूरच शिकलोय, चुका असतील त्या पास्टरबाईंनी काढाव्यात, आमच्या चर्चच्या नाताळच्या अंकात तुझ्या कामाचं लिव म्हणून त्यांनीच मागं लागून लिवून घेतलंय. पोरगी निजली हाय तवर लिवायचं, ती उठली की वही वढती. भ्याबी वाटतंय, कारण अंक शाळेतल्या कुणाच्या हातात पडला तर काय म्हणतील. पण जे सांगायचं ते चारचौघांत एकदा सांगून झालंय, आता परत काय भ्यायचं असं मनाला सांगतो, मन काय ऐकत न्हाय.

शाळेचं नाव लिवत न्हाय. पिरनवाडीकडं हाय एवढंच. दोनशे पोरं जेवत्यात. आम्ही दोघी, पार्वतीआक्का मुख्य आन मी मदतनीस. आक्का तिथं शाळेचं पत्र्याचं स्वयपाकघर व्हतं तवापास्नं हाईत, मी सहा वर्सं झाली. लोकास्नी वाटतंय भात आन आमटी, त्यात काय. घरात चौघांचा भात करणं येगळं आन दोनशेचा येगळा. घरातला भात करपला तर वरचा काढून वाढता येतो, डेगीतला खाली लागला की वास सगळ्या भातात जातो, मग पोरं नाक धरून बसत्यात. डेगीतल्या डाळीला घड्याळ चालत न्हाय. आक्का झाकण काढून नुसता वास घेत्यात आन सांगत्यात, "अजून कच्ची हाय गं, गप." मला ते यायला तीन वर्सं लागली. वाढायच्या आधी आम्ही चव घ्यायची, शाळेतल्या एका बाईंनी घ्यायची, मग वहीत सह्या. सरकारी कागद हितं कन्नडमधनंच, तशी वहीबी. मला कन्नड बोलाय येतंय, बाजारापुरतं, वाचाय येत न्हाय. सही मी मराठीत करतो. सहा वर्सं काय लिवलंय ते न वाचता सही केली, कारण त्यात रोज एकच असायचं, चव चांगली.

पोरं लई भारी. एक हाय, अंड्याच्या दिवशी दोनदा रांगेत येतो आन दुसऱ्यांदा आला की केस भिजवून, भांग उलटा पाडून येतो. आक्का त्याला म्हणत्यात, "ये रं पाव्हण्या, तुझा भाऊ आत्ताच जेवून गेला." आन तरीबी भात जास्त वाढत्यात, अंडं देत न्हाईत. अंडं मोजून असतंय. एक पोरगी केळं खात न्हाय, दप्तरात घालती, घरच्या लहान भावाला. ते आक्कास्नी म्हाईत हाय, मला म्हाईत हाय, बाईस्नी म्हाईत न्हाय.

आता मेन गोष्ट. माझी ग्रेसी. ती दीड वर्साची झाली तवा सासूबाई दुसऱ्यांच्या घरी धुण्याभांड्याला जायला लागल्या, आन अंगणवाडीत एवढ्या लहानाला घेत न्हाईत. मालक, दानियल, टेम्पोवर. स्वयपाकघरात लेकरू आणायचं न्हाय असा नियम हाय, भित्तीवर लिवल्यालाबी हाय, आन बरोबर हाय तो. मी आक्कास्नी म्हटलं, आक्का, काम सोडू का? त्या म्हणाल्या, "सोडून काय धुरळा खातीस? आण तिला. स्टोअरात झोळी बांधू. पण चूल पेटल्यावर ती भाईर आली न्हाय पायजे, सांगून ठेवतो." झोळी त्यांनीच बांधली, त्यांच्या जुन्या लुगड्याची. स्टोअरला आतनं कडी न्हाय, भाईरनं हाय. रोज मी कडी लावायचो. चार म्हयने कुणाला कळलं न्हाय. हेडसर येण्याआधी ग्रेसी निजायची, उठायच्या आधी जेवण वाढून व्हायचं.

त्या मंगळवारी कडी लावली न्हाय. का न्हाय लावली ते आजबी आठवत न्हाय. तांदळाचं पोतं काढलं, हात भरल्यालं व्हतं, असंच काहीतरी.

आमटीची डेग आम्ही दोघी उचलतो. दोन कड्यांतनं बांबू घालायचा, एक म्होरं, एक मागं, पावलं सारखी टाकायची, मधी बोलायचं न्हाय. मी मागं व्हतो. दाराशी आलो तर स्टोअरातनं ग्रेसी "आई" करत पळत आली, सरळ डेगीखाली. मी बांबू सोडला. पोरीला वढलं. डेग माझ्या बाजूनं खाली आदळून म्होरं हिंदकळली, उकळती आमटी फरशीवर आन आक्कांच्या डाव्या पायावर. त्यांनी त्यांचं टोक सोडलं न्हवतं. सोडलं असतं तर त्या बाजूला झाल्या असत्या, पण डेग सगळीच आडवी झाली असती, आन ग्रेसी माझ्या हातात असली तरी आम्ही मायलेकी तिथंच डेगीपाशी व्हतो. हे मला नंतर कळलं. तवा काय बी कळत न्हवतं.

आवाज ऐकून हेडसर आले, बाई आल्या, पोरं खिडकीला. मी ग्रेसीला पदराखाली घेऊन स्टोअरात ढकललं आन दार लावलं. आक्का नळाखाली पाय धरून बसल्याल्या. हेडसर म्हणाले, "काय झालं? कसं पडलं?" आन माझ्या तोंडातनं निघालं, "आक्कास्नी हल्ली नीट दिसत न्हाय सर. पाय अडकला."

इचार करून बोल्लो न्हाय. पण बोल्लो ते मीच.

आक्कांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं न्हाय, स्टोअरच्या दाराकडं बघितलं. आतनं पोरगी रडायला लागली आसती तर सगळं संपलं असतं. पोरगी रडली न्हाय. आक्का काय बी बोलल्या न्हाईत. बाईंनी त्यास्नी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पोरांनी त्या दिवशी दूध-भात खाल्ला. हेडसरांनी वहीत अर्धं पान लिवलं, मला म्हणाले, "इथं सही करा, तुम्ही सांगितलं तेच लिहिलंय." मी केली.

दुसऱ्या दिवसापास्नं मी मुख्य झालो आन मदतीला तेवढ्यापुरती एक नवी बाई दिली. लोक म्हणतील चांगलं झालं की. मला घास जात न्हवता. मीठ दोनदा घातलं, एक दिवस घातलंच न्हाय. तो केस भिजवून येणारा इचारायचा, "पार्वतीआक्का कुठं? त्यांच्या आमटीला वास येतोय, तुमच्या न्हाय येत." ग्रेसीला मी दानियलबरोबर टेम्पोत धाडायला लागलो, गादी टाकून, वरनं ऊन. मन दिवसभर रस्त्यावर. हॉर्न वाजला की दाराकडं बघायचो.

मग शिंदेबाई, त्याच चव घेत्यात रोज, त्यांनी मला वहीतलं ते पान वाचून दाखवलं. म्हणाल्या, "एस्तर, तू असं सांगितलंस?" त्यात लिवल्यालं की पार्वतीबाईंना दिसत नाही, मदतनिसानं आधीबी अनेकदा तक्रार केलती, त्या या कामाला योग्य नाहीत, शाळा समितीनं त्यांना कमी करावं. मी अनेकदा तक्रार केलती? एकदाबी न्हाय. बाई म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी बैठक आहे." मला पयलं काय वाटलं खरं सांगतो, बरं वाटलं. म्हटलं, बघा, मी एवढं बोल्लोच न्हाय, हे सरांनी वाढवून लिवलंय, चूक सरांची. दोन दिवस ते बरं वाटणं पुरलं.

आइतवारी कॅम्पातल्या चर्चला गेलो. म्हयन्याचा पयला आइतवार, प्रभुभोजन. जे ख्रिस्ती न्हाईत त्यांच्यासाठी लिवतो, येशूची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आन द्राक्षरस सगळे घेतात. आमच्या मंडळीत जुनी रीत हाय, कुणाशी भांडण असंल, कुणाचं वाईट केलं असंल तर ते मिटवून मग घ्यायचं. तोवर हात मांडीवर ठेवायचे, ताट म्होरं जाऊ द्यायचं. कुणी कुणाला इचारत न्हाय, पण दिसतंय सगळ्यास्नी. ताट माझ्याम्होरं आलं. हात उठंना. सासूबाईंनी कोपर मारलं, "घे की गं, लोक बघत्यात." मी ताट त्यांच्याकडं सरकवलं.

उपासना झाल्यावर पाळकसाहेब, म्हंजे आमचे पास्टर, भाईर चप्पल घालत व्हते, मी तिथंच सगळं सांगिटलं, एका दमात, रडत, ग्रेसी काखेत. ते ऐकत राह्यले. मग म्हणाले, "देवाकडं माफी मागितलीस?"

"रोज मागतो."

"आन आक्कांकडं?"

मी ग्रेसीला दुसऱ्या काखेत घेतलं.

"म्हंजे देवाला मधी घालून आक्कांपास्नं पळतीस तू."

मला राग आला खरं. म्हटलं, "तुम्ही चला माझ्यासंगं. तुमच्यासमोर त्या काय बोलणार न्हाईत."

"म्हणूनच येत न्हाय," ते म्हणाले. "मी आलो तर त्यास्नी पाव्हण्यासमोर न्हाय म्हणता येणार न्हाय. त्यास्नी न्हाय म्हणता आलं पायजे."

घरी जाऊन दानियलला सांगिटलं. तो म्हणाला, "माफी माग, पण बैठकीचं डोक्यातनं काढ. त्यांचंबी जाईल आन तुझंबी जाईल. मग खायचं काय, स्तोत्रं?" तोबी चुकीचं बोलत न्हवता.

सोमवारी शाळा सुटल्यावर आक्कांच्या घरी गेलो. आमच्याच पिरनवाडीत, दोन गल्ल्या पलीकडं. एवढ्या दिवसांत त्या गल्लीतनं मी गेलो न्हवतो, लांबनं वळसा घालून जायचो. आक्का सोप्यात पाय पाटावर ठेवून बसल्याल्या, पट्टी गुडघ्यापातूर. सून शेंगा निवडत व्हती, मला बघून आत गेली. मी दारातच म्हटलं, "आक्का, मला माफ करा."

"कशापाय?"

"मी खोटं बोल्लो. आन सरांनी त्यावर वाढवून लिवलं, कन्नडमधनं, मला वाचाय येत न्हाय, मी न कळता सही केली."

आक्का म्हणाल्या, "कन्नडमागं दडू नको. कागद कन्नड व्हता. तोंड तर मराठीच व्हतं न्हवं तुझं?"

मी म्हटलं, "मी रोज प्रार्थना करतो आक्का. प्रभूनं मला माफ केलंय, तुम्हीबी..."

"केलं असंल," आक्का म्हणाल्या. "त्याचा पाय भाजला न्हवता."

त्याच्या पायात तर क्रूसावर खिळं मारल्यालं, हे माझ्या तोंडापातूर आलं. गिळलं. त्या पट्टीसमोर बसून ते बोलायचा मला अधिकार न्हवता. लहानपणापास्नं ते खिळं ऐकत आलोय, पण तवा पयल्यांदा वाटलं की ते मारणाऱ्यांत मी हाय.

आक्काच परत बोलल्या. आवाज चढवला न्हाय. "तू बांबू सोडलास त्याचं मला काय न्हाय. आई हाईस. मीबी सोडला असता. पण तू माझे डोळे गेले म्हणालीस, दोनशे पोरांसमोर. आन आता माफी माझ्या कानात येऊन सांगतीस, हितं, जिथं कोण न्हाय. जिथं बोललीस तिथं बोल जा."

"माझं काम जाईल आक्का."

"माझं गेलंच हाय."

एवढं बोलून त्यांनी सुनंला हाक मारली, "हिला पाणी दे, दमली हाय," आन तोंड फिरवलं. पाणी पिलं न्हाय मी. पळालो.

शनिवारपातूर कसं गेलं सांगता येत न्हाय. भाजी चिरताना बोट कापलं, दोन बोटं. शुक्रवारी ठरवलं जायचं न्हाय. शनिवारी सकाळी ठरवलं ताप आलाय म्हणायचं. आन मग दहा वाजता बघतो तर मी हेडसरांच्या खोलीच्या दारात उभा, ग्रेसीला घेऊन, कारण तिला कुठं ठेवणार, आन नाहीतरी तिचंच सांगायचं व्हतं. आत समितीची सात-आठ माणसं, शिंदेबाई, हेडसर. आक्काबी आलत्या, सुनंच्या खांद्याचा आधार घेऊन, कोपऱ्यात खुर्चीवर. त्या येतील असं मला वाटलं न्हवतं.

म्हटलं, "मला बोलायचंय." आन बोल्लो. कडी लावली न्हवती, पोरीला चार म्हयने आणत व्हतो, बांबू मी सोडला, आक्कांनी त्यांचं टोक धरलं म्हणून पोरगी आन मी वाचलो, डोळ्याचं मी खोटं सांगिटलं. सांगताना जीभ इतकी अडखळत व्हती की एक मेंबर म्हणाले, "अवो बाई, जरा सावकाश, पळून कोण चाललंय?" कुणीतरी हसलं.

हेडसर लाल झाले. मग मऊ आवाजात म्हणाले, "हे बघा, यांना कन्नड येत नाही. समजण्यात घोटाळा झाला असं लिहू या. कुणावरच काही येणार नाही."

देवाची शपथ सांगतो, मला ते पायजे व्हतं. सगळं मिटत व्हतं. माझं काम ऱ्हायलं असतं, सरांचं लिवणं झाकलं असतं. आक्कांकडं बघितलं. त्या नुसत्या बसल्याल्या, मला काय खुणवत न्हवत्या. मी म्हटलं, "घोटाळा न्हाय सर. मी मराठीतच खोटं बोल्लो. पण तक्रार मी कवा केली न्हवती, ते तेवढं खोडा."

सगळे एकदम बोलायला लागले. लेकरू आत आणलंच कसं, काय झालं असतं तर, अशा बायकांना ठेवताच कामा नये. बरोबरच व्हतं त्यांचं. शेवटी ठरलं, आक्का पाय बरा झाला की परत मुख्य, मी एक म्हयना घरी, आन पोरगी परत दिसली तर कायमची घरी. हेडसरांनी लिवलं. सही करायच्या आधी मी म्हटलं, "बाई, काय लिवलंय ते मराठीत वाचून दावा." हे इचारलं सहा वर्सांत पयल्यांदा.

भाईर आल्यावर वाटलं, आता आक्का जवळ घेतील. त्या सुनंचा खांदा धरून निघून गेल्या.

तो म्हयना लई वाईट. प्रभुभोजनाचा आइतवार आला, ताट आलं, मी परत म्होरं सरकवलं. पाळकसाहेब नंतर म्हणाले, "तुझ्याकडनं करायचं ते केलंस, घे की आता." मी म्हटलं, आक्का बोलत न्हाईत अजून. ते म्हणाले, "त्यांच्या बोलण्यावर तुझा हक्क न्हाय." म्हाईत हाय. पण हात उठत न्हवता, त्याला काय करू.

कामावर परत गेलो तवा आक्का आलत्या, जरा लंगडत. माझ्याशी कामापुरतं. "मीठ." "पाणी." "झाकण काढ." पोरांशी तशाच, त्या केस भिजवणाऱ्याला "ये रं पाव्हण्या" तसंच. मी ग्रेसीचं काय करायचं त्या काळजीत, ती परत टेम्पोत, एकदा उन्हानं अंग तापलं तिचं. मनात आलं काम सोडूया. पाचव्या दिवशी डाळ धुताना आक्का म्हणाल्या, डाळीकडंच बघत, "पोरगी कुठं असती?"

"टेम्पोत."

"टेम्पोत? खुळी का काय तू? उद्यापास्नं माझ्या सुनंकडं सोड. ती घरातच असती."

मला रडू आलं, मी म्हटलं, "आक्का, म्हंजे तुम्ही मला..."

"थांब. तुझ्यावरचा राग गेला न्हाय अजून. पोरीवर कवा न्हवताच."

मी त्यास्नी रोज इचारायला लागलो. वेडेपणा, पण ऱ्हावत न्हवतं. आक्का, गेला का? त्या म्हणायच्या, "भाजल्यालं रोज खरडून बघितलं तर बरं होतंय व्हय? गेला की सांगीन." असं करत दोन म्हयने झाले. ग्रेसी त्यांच्या घरी त्यांच्या सुनंला आई म्हणायला लागली, ते एक येगळंच दुखणं.

गेल्या शनिवारी भांडी घासून झाली, आक्का वट्यावर बसल्याल्या, पायाला तेल लावत. नवी कातडी गुलाबी, चमकती, बघवत न्हाय. म्हणाल्या, "तुझी सासू रेशनच्या दुकानात भेटलती. तू म्हणे देवळात जेवत न्हाईस? कधीपास्नं?"

"त्या दिवसापास्नं."

"माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळं न्हाय. माझ्यामुळं."

आक्कांनी बाटलीचं बूच लावलं. "दोनशे पोरं जेवल्याबिगर मी घास घेत न्हाय हितं, आन माझ्या नावानं तू तिथं उपाशी बसतीस. ते मला न्हाय चालायचं. उद्या जेव जा."

मी म्हटलं, "राग गेला आक्का?"

"इचारू नको म्हटलं न्हवं? जेव जा."

काल म्हयन्याचा पयला आइतवार व्हता. ताट आलं तवा ग्रेसी मांडीवर वळवळत व्हती, सासूबाई माझ्याकडं बघत व्हत्या. राग गेला असं आक्का म्हणाल्या न्हाईत. जेव म्हणाल्या. तेवढ्यावर मी भाकर उचलली.